नागीण सुकल्यावर

अप्पांना न्हाणीतून बाहेर आणताना ते माझ्या हातून सुटले.

रोजचंच काम होतं. त्यांचा हात माझ्या गळ्यात, माझा त्यांच्या कमरेभोवती, आणि एकेक पाऊल टाकत खाटेपर्यंत यायचं. त्या दिवशी उंबऱ्याशी त्यांचा तोल माझ्याकडे आला, सगळं अंग माझ्या उजव्या बरगडीवर दाबलं गेलं आणि तापलेली सळई फिरवावी तसं काहीतरी पाठीपासून पोटापर्यंत गेलं. मी ओरडलो आणि हात काढून घेतला. अप्पा भिंतीला घासत खाली बसले, ओल्या पंच्यासकट.

"काय झालं रे?" त्यांनी विचारलं. पडले होते ते, आणि विचारत मला होते.

"काही नाही. चमक भरलीय."

"शर्ट वर कर."

"अप्पा, आधी तुम्ही उठा."

"वर कर म्हणतो न्हवं."

मी शर्ट वर केला. तीन-चार दिवस तिथं जळजळत होतं. दुकानात पंपाच्या मोटारी उचलून स्नायू दुखावला असेल म्हणून मी बाम चोळला होता. आदल्या संध्याकाळी पुरळासारखं काही हाताला लागलं, तेही मी पाहिलं नव्हतं. अप्पांनी खाली बसल्या बसल्या मान तिरकी करून पाहिलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरला.

"नागीण हाय ही," ते म्हणाले. "मन्मथ, नागीण हाय लेकरा."

ही सन दोन हजार नऊमधली गोष्ट. मी एकतीस वर्षांचा होतो. कळंबमध्ये बसस्टँडच्या मागच्या रस्त्याला माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांच्या आतली तार काढून नवी भरायची, असं काम. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरला भाऊ विश्वनाथ पुण्याला एका कारखान्यात सुपरवायझर होता. बायको, एक मुलगा, असा तिकडचाच झालेला. अप्पांना रक्ताचा कॅन्सर निघाला त्याला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. दर एकवीस दिवसांनी त्यांना बार्शीला नेऊन सलाईनमधून औषध द्यायचं, मग आठवडाभर उलट्या, मग थोडे दिवस बरे, की पुन्हा बार्शी. दादा दर रविवारी फोन करायचा. "कसं चाललंय?" विचारायचा. मी म्हणायचो, "ठीक."

अप्पांना कसंबसं उठवून खाटेवर बसवलं तोवर शेजारच्या गोदाक्का माझा आवाज ऐकून आल्या होत्या. त्यांनी बघितलं आणि तोंडावर पदर धरला.

"काव लाव, गेरूची काव. आन् खामसवाडीला एकजण उतरवतो नागीण, तिकडं जा. तोंड आन् शेपूट मिळालं की खेळ संपतो बघ."

"असलं काही नसतं, अक्का," मी म्हणालो.

पण अप्पा माझ्या कमरेकडेच बघत होते. कुठून सुरू होते आणि कुठवर आली आहे, हे ते मोजत होते.

डॉ. नाईकनवरे बाईंचा दवाखाना आमच्या गल्लीच्या तोंडाशीच होता. त्यांनी शर्ट वर करायला सांगितलं, चष्मा सारखा केला आणि लगेच म्हणाल्या, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"हो. चौथीत असताना."

"त्याच ह्या. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू जात नाही. मणक्याजवळच्या नसांत जाऊन पडून राहतो. वर्षानुवर्षं. अंगातला जोर कमी झाला की उठतो आणि त्या एका नसेच्या वाटेनं बाहेर येतो. म्हणून पट्टा दिसतो."

"दोन्ही टोकं मिळाली तर...?"

"मिळत नाहीत. एकाच बाजूला राहते ती. तुमच्या वडिलांनाही सांगा, नाहीतर ते काळजीनंच जातील." त्या कागदावर लिहायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. "वय काय तुमचं?"

"एकतीस."

"साठीतला माणूस आला असता तर मी गोळ्या देऊन पाठवलं असतं. तुमच्या वयाला ही झाली तर जरा बघावं लागतं. साखर तपासू. आणि सरकारी दवाखान्यात जाऊन एचआयव्हीची तपासणी करून या."

मी शर्ट खाली सोडला.

"संशय म्हणून नाही सांगत," त्या म्हणाल्या. "प्रतिकारशक्ती कशानं कमी झाली ते शोधायला कुठून तरी सुरुवात करावी लागते. आणि दुसरं, महत्त्वाचं. अप्पांच्या जवळ जायचं नाही."

"म्हणजे?"

"फोडांतलं पाणी त्यांना लागलं तर त्यांना झेपायचं नाही. त्यांच्या अंगात आता लढायला काही नाही. आत्तापर्यंत आला असेल संपर्क तो आला. बार्शीला फोन करून तसं सांगून ठेवा. पण खपल्या धरेपर्यंत त्यांच्या खोलीत पाऊल टाकू नका. घरातच राहू नका खरं तर."

"मॅडम, मग त्यांना कोण बघणार?"

"दुसरं कोणी नाही?"

"पुण्याला भाऊ आहे."

"मग बोलवा त्याला," त्या सहज म्हणाल्या. मला मात्र त्या अवघड काहीतरी मागत आहेत असं वाटलं.

सरकारी दवाखान्यात त्या तपासणीची खोली व्हरांड्याच्या टोकाला होती. आत एक समुपदेशक बाई होत्या. त्यांनी ठरलेले प्रश्न विचारले. मी खाली बघून उत्तरं दिली. लग्न झालंय का, नाही. कधी रक्त चढवलंय का, नाही. आणखीही विचारलं, त्यालाही नाहीच म्हणालो. मग रक्त घेतलं आणि तासभर बसायला सांगितलं. बाकावर समोरून येणारा प्रत्येक माणूस ओळखीचा वाटत होता. माझ्यासाठी ईट गावच्या एका घरातून लग्नाची विचारणा होती. मध्यस्थ नेमका आत्ता इथून गेला तर काय, हे मनात येत होतं. पण खरं सांगायचं तर त्या बाकावर बसून मला बरंही वाटत होतं. तासभर कुणी हाक मारणार नव्हतं.

बाईंनी परत बोलावलं. "निगेटिव्ह आहे," त्या म्हणाल्या आणि कागद दिला. मग विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"मी आणि वडील. वडिलांना कॅन्सर आहे."

"त्यांचं करतं कोण?"

"मीच."

"आणि तुमचं?"

हा प्रश्न छापील यादीत नव्हता. मी कागदाची घडी घालत राहिलो आणि "बरं, येतो" म्हणून उठलो.

साखरही चांगली निघाली. नाईकनवरे बाईंनी दोन्ही कागद बघून मान डोलावली. "सगळं नॉर्मल आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही. काहीतरी निघायला हवं होतं, म्हणजे त्याला नाव तरी देता आलं असतं.

"मग झाली कशानं?" मी विचारलं.

"खात्रीनं नाही सांगता येत. कधी कधी कारण सापडतच नाही. झोप किती होते?"

मी आठवायला लागलो. अप्पा दर दोन तासांनी उठायचे. मी त्यांच्या खाटेखाली अंथरूण टाकायचो. "होते थोडी थोडी," मी म्हणालो.

"किती दिवस असं?"

"दोन वर्षं होतील."

बाईंनी पेन खाली ठेवलं. थोडा वेळ माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा उचललं. "गोळी दिवसातून पाच वेळा. एकही चुकवायची नाही. आणि झोपा."

दादाला फोन लावला तेव्हा त्याच्यामागे यंत्रांचा आवाज होता. मी सांगितलं. तो म्हणाला, "अरे, इथं ऑडिट आहे, मन्या. एखादी बाई ठेवून नाही का जमणार?"

"अप्पा परक्या बाईकडून न्हाणार आहेत का, दादा?"

तो यंत्रांच्या आवाजापासून दूर आला. मग म्हणाला, "आठ दिवसांची रजा टाकतो. आठच."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. मी तोवर दुकानाच्या मागच्या खोलीत मुक्काम हलवला होता. तिथं तारेची रिळं, वार्निशचे डबे आणि एक लोखंडी खाट होती. शटर अर्धं ओढून दादा आत आला, नाकाला रुमाल लावून उभा राहिला आणि मी सगळं सांगितलं: कुठली गोळी कधी, पेज किती पातळ, लिंगपूजेचं ताट कुठं, ओकायला लागले की डोकं कसं धरायचं. त्यानं वहीत टिपून घेतलं.

"टाइमटेबल करतो," तो म्हणाला. "होतंय सगळं."

तो गेला आणि मी आडवा झालो. अंग जळत होतं, शर्टाचं टोक लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं, म्हणून जुन्या धोतराचं मऊ फडकं तेवढं अंगावर घेतलं. एवढं दुखत असताना झोप येणार नाही असं वाटलं होतं. पण मी झोपलो. गोळीच्या वेळेला गजर व्हायचा, गोळी घ्यायचो, पुन्हा झोपायचो. दादा डबा ठेवून गेला तेही एक-दोनदा कळलं नाही. तीन दिवस असे गेले.

दुपारी चारला अप्पा फोन करायचे. रोज एकच प्रश्न असायचा.

"मिळाली न्हाईत न्हवं टोकं?"

"नाही अप्पा. मिळत नसतात."

"बघितलंस का आज?"

"बघितलं. लांब आहेत."

"बरं. जेवलास का?"

चौथ्या दिवशी दादा डबा घेऊन आला तो खाटेसमोर स्टुलावर बसूनच राहिला. दाढी वाढली होती.

"अप्पा रोज एवढे ओकतात?"

"औषधानंतर जास्त. आता तर कमी आहे."

"हे कमी आहे?" त्यानं विचारलं. मग थोड्या वेळानं म्हणाला, "न्हाणीत न्यायचं म्हणजे त्यांना धरायचं कसं? काल दोघंही पडलो असतो."

मी उठून उभा राहिलो. दुखत होतं, तरी हवेतच हात धरून दाखवलं. "ओढायचं नाही. आपण त्यांच्या अंगाला चिकटून उभं राहायचं. ते आपल्यावर रेलतात, मग आपण चालायचं. घाई केली की त्यांचे पाय अडखळतात." दादानंही तसा हात केला. असे आम्ही दोघं त्या खोलीत रिळांमध्ये उभे होतो, नसलेल्या माणसाला धरून.

सहाव्या दिवशी बार्शीचा फेरा होता. दादाच घेऊन गेला. त्याची आठ दिवसांची रजा संपली, त्यानं आणखी चार वाढवून घेतली. त्याचे डोळे आत गेले होते. टाइमटेबलची वही आता त्याच्या हातात दिसत नव्हती.

अकराव्या दिवशी मी नाईकनवरे बाईंकडे गेलो. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, "छान. सगळ्या खपल्या सुकल्यात. उद्यापासून घरी जायला हरकत नाही."

मी दुकानात परत आलो. दादा डबा घेऊन शटरजवळ थांबला होता.

"काय म्हणाल्या?"

"आणखी आठवडा म्हणाल्या," मी म्हणालो. "दोन फोडांतून पाणी येतंय अजून."

हे मी ठरवलं नव्हतं. तोंडातून आलं आणि मग मागे घेता आलं नाही. दादा माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी खाली बसलं, गाळ बसतो तसं. "बरं," तो म्हणाला. "बघतो रजेचं."

संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भावोजी, खरंच अजून बरं नाही का? राग मानू नका. यांची आता बिनपगारी होईल. पिंट्याची परीक्षा आहे, तो रोज विचारतो बाबा कधी येणार."

"नाही वहिनी. डॉक्टरच नको म्हणाल्यात."

"मग काय करणार," त्या म्हणाल्या. त्यांनी विश्वास ठेवला. फोन ठेवून मी खाटेवर बसलो. उठून घरी जावं, दोन गल्ल्यांचं तर अंतर आहे, असं वाटलं. उठलो मात्र नाही.

पुढचे पाच दिवस मी काय केलं हे कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. एक मोटार दुरुस्त केली. सकाळी मांजरा नदीच्या काठावर जाऊन बसलो. स्टँडसमोर गरम भजी घेऊन उभ्यानं खाल्ली, ओळखीचं कोणी दिसतंय का बघत. आजारी नव्हतो आणि घरी नव्हतो. असे दिवस दोन वर्षांत पहिल्यांदाच आले होते आणि मी ते चोरून आणले होते.

तेराव्या दिवशी अप्पांनी फोनवर टोकांचं विचारलंच नाही.

"सुकली का रे?" ते म्हणाले.

"नाही अजून."

अप्पांनी कूस बदलल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "बरं. मग राहा तिथंच."

सोळाव्या दिवशी चार वाजून गेले तरी फोन आला नाही. मी लावायच्या बेतात होतो तोच दादा आला. डबा नव्हता हातात. पायात चपलासुद्धा नव्हत्या.

"अप्पांना ताप आहे. सकाळपासून. दोनदा गोळी दिली, उतरत नाहीये."

"किती आहे?"

"एकशे दोन. आता थंडी वाजतेय म्हणतात."

औषध दिल्यावर दहा-बारा दिवसांनी अप्पांच्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत ताप शंभराच्या वर गेला की वाट बघायची नाही, गोळी देत बसायचं नाही, सरळ बार्शी गाठायची, हे मला दोन वर्षांत पाठ झालं होतं. मी दादाला सगळं सांगितलं होतं. हे एक सांगायचं राहिलं होतं. बार्शीच्या सिस्टरनं सांगितलंही असेल त्याला, पण पहिल्यांदा गेलेल्या माणसाला तिथं इतकं सांगतात की त्यातलं काय लक्षात राहणार.

"सकाळीच का नाही आलास?" मी ओरडलो.

"येणार होतो!" तोही ओरडला. "अप्पांनी हात धरून ठेवला. म्हणाले, त्याला नको बोलवू."

मी धावत सुटलो. स्टँडवर माणसं भरून नेणाऱ्या वडापच्या जीप उभ्या असतात. नजीरभाईची जीप भरत आली होती. त्यानं माझा चेहरा बघितला आणि बसलेल्या लोकांना खाली उतरवलं. घरासमोर जीप थांबली तेव्हा दादा मागून पळत पोचला. मी सरळ अप्पांच्या खोलीत शिरलो.

"अरे मन्या, तुझी नागीण!" दादा दारातून म्हणाला.

"सुकलीय."

"कधी?"

"पाच दिवस झाले. उचल त्यांना. पायाकडून धर."

त्यानं पाय धरले. सोळा दिवसांपूर्वी ह्याच अप्पांना मी रोज एकट्यानं उचलत होतो. आता दोघांच्या हातांत ते उशीसारखे हलके लागले. का कोण जाणे, त्याचंच मला रडू येत होतं.

जीपमध्ये मागं आम्ही अप्पांना मध्ये घेऊन बसलो. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर, पाय दादाच्या मांडीवर. येरमाळा मागं पडलं. अप्पांचे दात वाजत होते. मी घोंगडी घट्ट केली.

मग दादानं विचारलं, अगदी हळू आवाजात. "डॉक्टर बाई आणखी आठवडा म्हणाल्या होत्या ना?"

"नाही म्हणाल्या."

"मग?"

"मी खोटं बोललो."

नजीरभाईनं आरशातून मागं बघितलं आणि नजर पुन्हा रस्त्यावर नेली. दादा खिडकीकडं तोंड करून बसला. तेवढ्यात अप्पा बोलले. डोळे मिटलेलेच होते.

"मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं, अप्पा?" मी विचारलं.

"सुकल्याचं. आवाजावरनं." त्यांना दम लागत होता, एकेक शब्द ते वेगळा काढत होते. "झोप झाल्याल्या माणसाचा आवाज होता तुझा. लई दिसांनी ऐकला."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू," ते म्हणाले. "तू कवा काय मागितलंस का."

बार्शीला पोचल्यावर त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टर आमच्या दोघांवर उखडले. किती तास घालवले म्हणून विचारलं. दादानं "नऊ" म्हणून सांगितलं आणि मान खाली घातली. सलाईन लागलं, त्यातून औषधं सुरू झाली. आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. दिवे लागायची वेळ झाली होती. समोरच्या बाकावर एक बाई भाकरीचं फडकं सोडून नवऱ्याला घास भरवत होती.

मी वाट बघत होतो, दादा कधी बोलतो याची. बोलायचा त्याला हक्क होता. त्याची नोकरी, त्याचा पोरगा, आणि वर आता हे.

"सातव्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो," तो म्हणाला.

मला समजलं नाही. "कशाला?"

"बार्शीहून आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. अप्पा दिवसभर ओकत होते. चादर तीनदा बदलली. चौथ्यांदा भरल्यावर मी त्यांच्यावर ओरडलो. ते भिंतीकडं तोंड करून पडले. गोदाक्कांना म्हणालो, जरा बसा, दूध घेऊन येतो. आणि स्टँडवर गेलो. पुण्याची गाडी लागली होती. चढलो. खिडकीपाशी बसलोसुद्धा."

"मग?"

"कंडक्टर आला, कुठं म्हणाला. मला तोंडातून पुणे म्हणता येईना." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "उतरलो. दूध घेऊन घरी गेलो. अप्पांनी विचारलंही नाही, एवढा वेळ का लागला."

आत जाणाऱ्या सिस्टरला वाट द्यायला आम्ही पाय आत घेतले.

"सात दिवसांत माझं हे झालं," दादा म्हणाला. "तू दोन वर्षं मला दर रविवारी 'ठीक' म्हणत होतास. मला का नाही सांगितलंस रे?"

सांगितलं असतं तर तो आला नसता अशी भीती होती की आला असता अशी, तेही मला नीट कळत नाही. मी म्हणालो, "तू विचारायचास, आणि मला वाटायचं, ठीकच आहे."

"आता नको म्हणूस ठीक," तो म्हणाला.

अप्पा सात दिवस बार्शीत होते. चौथ्या दिवशी ताप गेला. त्यांच्या अंगावर फोड उठले नाहीत. नागिणीनं त्यांना काही केलं नाही. काही झालं असतं तर ते त्या नऊ तासांनी केलं असतं, आणि ते नऊ तास आम्हा तिघांचे होते. मी त्यांची वाटणी पुढं पुष्कळ दिवस करत राहिलो आणि दर वेळी माझा वाटा मोठा निघायचा.

दादा पुण्याला गेला. पुढच्या महिन्यात परत आला, दहा दिवसांसाठी. कारखान्यात तो सुटीच्या दिवशी कामावर जायचा आणि त्याच्या बदल्यात रजा साठवायचा. दर महिन्याला दहा दिवस त्याचे, असं आम्ही बोलून ठरवलं नाही, पण तसं झालं. उन्हाळ्यात वहिनी आणि पिंट्याही आले. मी वहिनींना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं," आणि मग महिनाभर माझ्याशी जरा तुटक वागल्या. तेही बरोबरच होतं. दादाचे दहा दिवस असले की मी दुकानाच्या खोलीत जाऊन झोपायचो. अप्पा चारला फोन करायचे. आता ते फक्त माझा आवाज ऐकायचे, दोन-चार शब्द बोलायचे आणि "बरंय" म्हणून ठेवून द्यायचे.

ईटच्या मुलीशी माझं जमलं नाही. लग्न पुढं तीन वर्षांनी झालं, आणि चांगलं झालं. नागिणीच्या जागी अजूनही थंडीच्या दिवसांत ठणका उठतो. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, नस दुखावलेली असते, काहींना राहतं असं. माझ्या दुकानात कुणी पंचविशी-तिशीतला पोरगा कुशीला हात लावून आग होते म्हणाला, की मी त्याला आधी डॉक्टरकडे पाठवतो, तपासण्या करून घे म्हणतो. मग रिपोर्ट चांगले आले की विचारतो, घरी कोण कोण असतं.

अप्पा त्यानंतर सोळा महिने जगले. गेले ते दादाच्या दहा दिवसांत. मी दुकानात होतो. उजाडलं होतं, रस्त्यावर झाडलोट चालू होती. शटर वर गेल्याचा आवाज आला आणि दादा आत आला. हातात गोदाक्कांच्या घरचा पितळी पेला होता, वरून झाकलेला. तो खाटेच्या कडेला बसला.

"चहा घे," तो म्हणाला.

"तू नाही घेत?"

"तू घे आधी."

मी घेतला. गरम होता, साखर जास्त झाली होती. तो माझ्याकडे न बघता समोरच्या तारेच्या रिळांकडे बघत होता. मी पेला खाली ठेवला.

"अप्पा गेले," मग तो म्हणाला. "पाच वाजता."

घड्याळात सात वाजायला आले होते.

"मला का नाही उठवलंस?" मी विचारलं.

दादानं माझ्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

"झोपला होतास," तो म्हणाला.